भिंतीवरची उष्टी रोटी

"हलक्या हाताने टोच, सूनबाई! कणीक आहे ती, वैरीण नव्हे."

हा आवाज मी ऐकला त्याला आता किती वर्षं लोटली, कोण जाणे. तो बूवीचा आवाज. बूवी म्हणजे आजी. गल्लीतली सगळी माणसं तिला याच नावाने हाक मारायची. आवाज खरखरीत होता, पण रोट्या थापायला बसली की त्याच आवाजात गाणं उमलायचं:

चांदणी काढ ठशा, कणकेच्या आभाळात,
उपाशी निजू नये, कुणी माझ्या गावात.

मित्रांनो, तो ठसा म्हणजे मी. मी एक जुना रोटीचा ठसा आहे. आमच्या समरकंदमध्ये मला चेकिच म्हणतात. जर्दाळूच्या लाकडाची माझी मूठ, आणि तळाशी कोंबडीच्या पिसांच्या कडक दांड्या चांदणीच्या आकारात रोवलेल्या. आता मुठीला चीर गेली आहे आणि निम्म्या दांड्या झडल्या आहेत. समरकंदपासून फार लांब, समुद्राकाठच्या एका गावात, मी चमच्या-उलथन्यांच्या गर्दीत एका खणात पडून असतो. खण उघडला की ऊन दिसतं, मिटला की समरकंद दिसतं.

मला बूवीच्या नवऱ्याने घडवलं. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात वादळाने अंगणातल्या जर्दाळूची फांदी मोडली. बूवी रडायला लागली. तेव्हा तो म्हणाला, "फळं गेली तर गेली, आता निदान रोटी तरी गोड लागेल," आणि चाकू घेऊन बसला. असा मी एका मोडलेल्या फांदीतून आणि एका नवऱ्याच्या लाडातून जन्मलो.

माझं काम साधं. रोटी गोल थापली की तिच्या मधोमध मला दाबायचं. मग मधला भाग पातळ राहतो आणि कडा गुबगुबीत फुगतात. टोचलं नाही तर अख्खी रोटी फुगते, तंदुराच्या भिंतीवरून सुटते आणि धपकन निखाऱ्यात पडते. म्हणजे मी टोचतो खरा, पण पडू नये म्हणून टोचतो. बाजारात लोक विचारत यायचे, "बूवीची चांदणीची रोटी आहे का?" ते ऐकलं की माझी मूठ कशी ताठ व्हायची!

मग घरात सून आली. होसियत तिचं नाव. गालाला पीठ आणि ओठाला हसू, अशी ती कायम आठवते. रीतीप्रमाणे बूवीने मला तिच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी ती मला दाबायलाच घाबरली. तिच्या सगळ्या रोट्या फुगल्या आणि एकामागून एक निखाऱ्यात पडल्या. तिचा नवरा अशूर तंदुरात डोकावून म्हणाला, "वा! आज कोळशाचं जेवण. दात तरी पांढरे होतील." होसियत रडता रडता हसली. बूवीने मात्र मान वळवून घेतली, कारण तिलाही हसू फुटलं होतं आणि ते सुनेला दाखवायचं नव्हतं.

असे दिवस चालले होते. आणि मग लढाई आली.

आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की त्याला ताज्या रोटीचा एक घास घ्यायला लावतात. उरलेली रोटी भिंतीवर टांगतात. ज्याने घास घेतला, त्यानेच परत येऊन ती संपवायची. तोवर तिला कुणी हात लावत नाही. वाळून ती लाकडासारखी होते, पण वाट बघत राहते.

अशूर निघाला त्या सकाळी बूवीने त्याच्यापुढे रोटी धरली.

"आई, जरा मोठा घास घेऊ का? रस्ता लांबचा आहे."

"लहानच घे. उरलेल्यासाठी तरी लवकर येशील."

त्याने घास घेतला. होसियतने त्या उष्ट्या रोटीला दोरी ओवली आणि माझ्याच शेजारच्या खिळ्याला टांगली. चांदणीचा एक कोपरा त्याच्या दातांनी नेला होता. बाकीची चांदणी माझ्याकडे बघत राहिली.

हळूहळू पीठ मिळेनासं झालं. गहू फौजेला गेला. घरात कधी ज्वारीचं पीठ, कधी नुसता कोंडा. त्याची पेज व्हायची, रोटी नाही. तंदूर थंड पडला. मी खिळ्यावर लटकून राहिलो आणि माझ्या दांड्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं. ज्याला रोज हातात घेत होते, त्याच्याकडे आता कुणी बघेनासं झालं. त्या हिवाळ्यात होसियत एकदा गिरणीवर गेली आणि परत आल्यावर उंबऱ्यावर कितीतरी वेळ बसून राहिली. त्यानंतर ती कमी बोलू लागली. मला वाटलं, पिठात कोंडाच जास्त निघाला म्हणून उदास झाली असेल. लाकडाच्या मुठीला याहून जास्त ते काय कळणार!

याच दिवसांत आगगाड्या भरभरून माणसं येऊ लागली. लांबून, पोलंड नावाच्या मुलखातून, लढाईपुढे पळत पळत ती आमच्या शहरात पोचली होती. त्यात यहुदी कुटुंबं होती. भुकेने आणि तापाने आईबाप जायचे आणि मुलं स्टेशनावर, बाजारात, मशिदीच्या पायऱ्यांवर उरायची. ती मुलं गोळा करायचं काम फ्रायदाबाईने हाती घेतलं. ती त्यांच्यातलीच, पूर्वी शाळेत शिकवणारी. अंगाने काडी, आणि पायात कुणा पुरुषाचे ढगळ बूट. गल्लीच्या टोकाला रेशमाचे किडे वाढवायची रिकामी शाळा होती. तिथल्या फळ्यांवर पूर्वी तुतीची पानं पसरून किडे ठेवत. आता त्याच फळ्यांवर, एकावर एक, मुलं झोपू लागली.

शेजारची कुमरी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. ती म्हणाली, "किडे गेले, पोरं आली! किडे निदान रेशीम तरी देत होते." असं म्हणून ती घरात गेली आणि आपली एकुलती जाड रजाई घेऊन रेशीमशाळेकडे चालू लागली. कुमरीची जीभ एका दिशेला जायची आणि पाय दुसऱ्या.

मुलांसाठी फ्रायदाबाईने कुठून कुठून खटपट करून पिठाची पोती मिळवली, पण भाजायला तंदूर नव्हता. ती आमच्या दारात आली. भाषा येत नव्हती. तिने पोतं दाखवलं, तंदूर दाखवला, मग हात जोडले.

कुमरीने पोत्यात हात घातला. "बाई गं, हे पीठ आहे की घोड्याचा खुराक?"

होसियत म्हणाली, "असू दे. तंदुराला निमित्त तरी मिळालं." आणि तिने मला खिळ्यावरून काढलं.

पोत्यामागून एक मुलगी पुढे आली. डोक्यावरचे केस कापलेले, डोळे मात्र मोठे. तिने मला होसियतच्या हातातून घेतलं, नीट बघितलं आणि जोरात फुंकर मारली. कोळ्याचं जाळं उडून गेलं. ती मिंदल.

मुलं भाषा कशी उचलतात! चिमणी दाणे टिपते तशी. थंडी सरता सरता मिंदल आमच्यासारखं बोलू लागली. होसियतला ती ओपा, म्हणजे ताई म्हणायची. रोट्या न्यायला बाकीची मुलं यायची ती घेऊन जायची. मिंदल मात्र तंदुरापाशी रेंगाळायची.

"ओपा, तुम्ही रोटीला टोचता कशाला?"

"फुगू नये म्हणून."

"आमच्या गावात फुगलेल्या पावालाच चांगला म्हणतात."

"मग तुमच्या गावात तंदूर नसणार."

"नव्हताच. पण आमची आई होती."

 होसियतने मला मिंदलच्या हातात दिलं आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून दाबलं. मिंदलच्या आईने तापात असतानाच तिला रेशीमशाळेत आणून सोडलं होतं, कारण तिथल्या मुलांना पुढेमागे गाडीने आणि मग बोटीने इराणकडे नेणार असं तिच्या कानावर आलं होतं. इराणच्याही पुढे, समुद्राकाठी, मिंदलची सख्खी मावशी राहत होती. एवढी सोय लावून ती माउली गेली.

मग ते घडलं. झाडांना पालवी फुटली होती आणि रेशीमशाळेत पीठ संपलं होतं. नवं पोतं येत नव्हतं. होसियत बाहेर गेली होती, बूवी अंगणात उन्हाला डोळे मिटून बसली होती. मिंदल हळूच आत आली. मला वाटलं, माझ्यासाठी आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती पेटीवर चढली आणि शेजारच्या खिळ्यावरची रोटी काढून घेऊन गेली. मागे दोरी तेवढी हलत राहिली.

ती दगडासारखी रोटी तिने तुतीखालच्या पाटात भिजवली आणि सगळी खाल्ली.

बूवी आत आली आणि तिने भिंत बघितली. तो टाहो मी अजून विसरलो नाही. "कुणी नेली? माझ्या अशूरची रोटी कुणी नेली?"

होसियत धावत आली, कुमरी आली. त्यांच्या मागून मिंदल आली. हनुवटीवर ओले तुकडे.

"मी खाल्ली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात. आमच्याकडे भिंतीवर कुणी पाव टांगत नाही."

"अगं बाई!" कुमरीने कपाळावर हात मारून घेतला. "पोरीने त्याची वाटच खाल्ली! आता तो कसा गं येणार घरी?" आणि मग तिने, जिभेला आवर नसल्यामुळे, त्या रोटीचा सगळा अर्थ मिंदलला समजावून सांगितला. बोलून झाल्यावर तिने पोरीचं तोंड बघितलं आणि आपलं तोंड पदरात लपवलं. पण सुटलेला शब्द परत कुठे येतो?

मित्रांनो, मी एक अन्नाचं हत्यार आहे, म्हणून माझं एवढं ऐका. भुकेल्या लेकराने काही उचलून खाल्लं, तर त्याला चोर म्हणण्याआधी आपल्या घरातलं पातेलं बघा. रोटी जपावी, तिला उलटी ठेवू नये, तिचा तुकडा वाटेत पडला तर उचलून पाखरासाठी भिंतीवर ठेवावा. हे सगळं मला आमच्या समरकंदने शिकवलं. पण लेकरू रोटीहून आधी जपायचं असतं. हे मी त्या दिवशी होसियतकडून शिकलो. ती ओरडली नाही. तिने मिंदलची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "फार भूक लागली होती ना? मग अशी गार पाण्यात भिजवून का खाल्लीस, पोट दुखेल. बस, पाणी ऊन करते."

बूवीने मात्र त्या दिवसापासून मिंदलशी बोलणं सोडलं. पोर समोर आली की ती पाठ फिरवायची.

आणि मिंदल? ती रोज येऊ लागली. अंगण झाडायची, पाणी भरायची, आणि काम संपलं की दारात बसून रस्ता बघायची.

"ओपा, त्यांना मिश्या आहेत का?"

"आहेत."

"उंच आहेत?"

"दारातून येताना वाकतात. वाकायला विसरले की डोकं आपटतात."

"मग आले की मला आवाजच येईल," मिंदल म्हणायची आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसायची. होसियत तिचे वाढते केस विंचरायची. कधी कधी कंगवा मध्येच थांबायचा. काहीतरी ओठांवर यायचं आणि परत जायचं.

उन्हाळा ऐन भरात आला होता तेव्हा फ्रायदाबाई एका सकाळी ढगळ बूट फटफटवत पळत आली. परवानगी मिळाली होती, गाडी ठरली होती. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन निघायचं होतं. गाडीने समुद्रापर्यंत, मग बोटीने इराणला. तिथे दूध होतं, डॉक्टर होते. मिंदलला जागा मिळाली होती. रेशीमशाळेत ताप पुन्हा शिरला होता आणि मिंदल खोकत होती. म्हणून फ्रायदाबाईला तिची सगळ्यात जास्त घाई होती.

मिंदल म्हणाली, "मी नाही येणार."

"अगं, तुझी मावशी आहे तिकडे!"

"ओपांचे यजमान आले की त्यांना रोटी लागेल. त्यांची मी खाल्ली. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

फ्रायदाबाईने डोक्याला हात लावला. कुमरी होसियतच्या कानाशी लागली. तिचं कुजबुजणंही अंगणभर ऐकू जायचं. "राहू दे की. तिला आई नाही, तुला मूल नाही. देवाने जोडून दिलंय, तू कशाला उसवतेस? तू गप्प बस म्हणजे झालं."

त्या वेळी मी होसियतच्या मुठीत होतो. तिचे तळवे घामेजले. मला कळलं, तिला गप्प बसावंसं वाटतं आहे. मनापासून वाटतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना स्टेशनावर न्यायला दारात गाढवाची गाडी उभी राहिली. आत बाकीची मुलं दाटीवाटीने बसली होती. होसियतने घरातल्या शेवटच्या चांगल्या पिठाच्या रोट्या लावल्या आणि एका फडक्यात बांधल्या. मग मला पुसलं आणि त्याच बोचक्यात रोट्यांच्या मध्ये ठेवलं. "ने हा. इथे पीठच नाही, याला काय काम? मावशीला म्हणावं, टोचल्याशिवाय भाजू नको."

मिंदलने बोचकं खाली ठेवलं. गाठ सोडली. मला बाहेर काढून माझ्या खिळ्याला नेऊन टांगलं आणि खिळ्याखाली भिंतीला टेकून बसली.

"मिंदल," फ्रायदाबाईचा आवाज फुटला, "गाडी कुणासाठी थांबत नाही गं. तुझी जागा मी दुसऱ्या पोराला देऊ का? तसं सांग मला, एकदा नीट सांग."

"द्या," मिंदल म्हणाली आणि खोकली. खोकत राहिली.

तो खोकला ऐकून होसियत तिच्यासमोर जमिनीवर बसली. बूवी तंदुराजवळ, नेहमीसारखी पाठ करून बसली होती. होसियतने एकदा त्या पाठीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर केवढी भीती होती! तरी ती बोलली.

"मिंदल, ते येणार नाहीत. हिवाळ्यातच गेले. त्यांच्या तुकडीतला एक लंगडा शिपाई मला गिरणीवर भेटला. त्याने आपल्या हातांनी त्यांना माती दिली. तू रोटी खाल्लीस तेव्हा त्यांना जाऊन कितीतरी दिवस झाले होते. मी हे घरात सांगितलं नाही. त्या रोटीकडे बघून बूवी जगतात, म्हणून नाही सांगितलं. आणि मग तू दारात बसायला लागलीस. तू रोज येतेस हे मला आवडायला लागलं, म्हणून तुलाही नाही सांगितलं."

 गाडीतली मुलं बघत राहिली.

मिंदलने मान हलवली. "खोटं. मला पाठवायचं म्हणून तुम्ही खोटं बोलता. तसं असतं तर बूवींना कळलं नसतं का? त्या आई आहेत त्यांच्या."

सगळ्यांचे डोळे त्या म्हाताऱ्या पाठीवर खिळले. होसियतने डोळे मिटून घेतले, जणू आता घरच कोसळणार होतं.

बूवी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तंदुरापासून भिंतीपर्यंत चालत आली आणि मिंदलसमोर उभी राहिली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं.

"खरं बोलते आहे ती," बूवी म्हणाली. "तो लंगडा आधी आपल्याच दारात आला होता. मीच त्याला चहा दिला. मीच म्हटलं, बाबा, सून गिरणीवर आहे, तिला तूच सांग, माझ्या तोंडाने होणार नाही. मग ती घरी आली आणि काही बोललीच नाही. आणि मला, सूनबाई, बरं वाटलं. तू तरणीताठी. तोंडाने एकदा विधवा म्हटलं की माहेरी गेली असतीस, दुसरं घर केलं असतंस. रोटी टांगलेली आहे तोवर तू या घरची, असा हिशेब केला मी. म्हणून या पोरीवर चिडले. तिने माझ्या लेकाची वाट नाही खाल्ली, तुला बांधून ठेवलेली माझी दोरी सोडली."

तिने खाली वाकून बोचक्याची गाठ पुन्हा बांधली. मला खिळ्यावरून काढलं, गाठीत खोचलं आणि बोचकं मिंदलच्या मांडीवर ठेवलं.

"माझा अशूर गेला, पोरी. ऐकलंस? मी, त्याची आई, सांगते. तू त्याचं काहीएक बिघडवलं नाहीस. ती नुसती रोटी होती, आणि तुला भूक लागली होती."

मिंदलने बोचकं उराशी धरलं, आणि आम्ही गाडीत चढलो.